मोजलेला समुद्र : भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाची वाटचाल

मुंबईच्या ससून डॉकमध्ये पहाटेच्या लिलावाची धांदल उडालेली असते, त्याच बंदरात काही सरकारी बोटीही लागतात. ‘मत्स्य निरीक्षणी’, ‘मत्स्य वृष्टी’ ही त्यांतली नावे. या बोटींवरही खलाशी असतात, ट्रॉल जाळी असतात, गळ लावलेल्या मैलोगणती लांबीच्या दोऱ्या असतात. पण बोट परतली की आधी विचारणा होते ती वहीची. जाळे किती वाजता पाण्यात गेले, किती वेळ ओढले, अक्षांश-रेखांश कोणते, खोली किती, पाण्याचे तापमान किती. मग प्रत्येक जातीचे वजन, माशांची लांबी, नर किती, माद्या किती, गाभोळी कितपत पिकली होती, पोटात काय सापडले. भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण ही संस्था १९४६ पासून हे काम करते आहे. बहुतेकांच्या तोंडी तिचे नाव ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’ असेच आहे.

कृष्णाकाठच्या उंब्रजमधल्या वाचकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत समुद्र मोजणाऱ्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. आमच्या घाटावर समुद्र पिढ्यान् पिढ्या येत राहिला आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-मल्हारपेठेच्या वाटेने सुकट, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा आठवडे बाजारांत पोचत असे, आजही पोचतो. पावसाळ्यात नदीला लाल पाणी आले की बाजरीच्या भाकरीबरोबर हाच सुका मासा कामाला येतो. तो समुद्रात किती उरला आहे याच्याशी आपला काही संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. दुसरे कारण आपल्या नदीचे आहे, आणि ते लेखाच्या शेवटी येईल.

संस्थेचा जन्म भुकेच्या काळातला. १९४३चा बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, महायुद्धाने धान्याची ओढाताण केली होती, आणि अन्नाचे नवे साठे कुठे मिळतील याचा शोध सरकार घेत होते. तोवर आपली मासेमारी किनाऱ्यालगतची होती. कोळ्यांची डोळ जाळी आणि शिडाची होडकी जिथवर जात, तिथवरचा समुद्र माहीत होता. त्यापुढच्या पाण्यात काय आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ हा वाफेचा ट्रॉलर चालवून पाहिला होता, पण तो प्रयोग पुढे टिकला नाही. १९४६ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे प्रायोगिक केंद्र काढले. ‘डीप सी फिशिंग स्टेशन’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. कोणते मासे, कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याला लागतात, एवढे शोधून ते मच्छिमारांना आणि कंपन्यांना सांगायचे, हे त्याचे काम.

पहिल्या बोटींत ‘मीना’ हा वाफेचा ट्रॉलर होता. पाठोपाठ ‘अशोक’ आणि ‘प्रताप’ आले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची ‘तायो मारू’ ही बोटही मुंबईहून मासेमारी करत होती. मुंबई ते कच्छ या पट्ट्यात या बोटींनी घोळ, दाढा, वाम, मुशी असे मोठे मासे काढले. माझ्या लेखी त्या मासळीपेक्षाही त्या फेऱ्यांच्या नोंदवह्या मोलाच्या आहेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९४९ ते १९५५ या काळातल्या मुंबई-सौराष्ट्र पाण्यातल्या ट्रॉलरच्या नोंदी पडताळल्या आणि १९५९ मध्ये त्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्या भागात तासाला किती मासे लागतात, कोणत्या हंगामात लागतात, वर्षागणिक त्यात काय फरक पडतो, याचा आपल्या किनाऱ्यावरचा तो पायाभूत अभ्यास ठरला. घोळ किती दुर्मिळ झाला याची चर्चा आज आपण करतो. ती करताना मागे बघायला काही आकडे हाताशी आहेत, ते तेव्हा कुणी तरी जहाज हलत असताना वहीत मांडून ठेवले म्हणून.

इथे मोजण्याची रीत थोडी उलगडून सांगितली पाहिजे. आपल्याकडे कारखान्यावर किती टन ऊस आला यावरून रान कसे आहे ते कळत नाही. उतारा किती पडला ते पाहावे लागते. समुद्राचेही असेच आहे. बंदरात शंभर टन मासळी उतरली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गेल्या वर्षी ती पन्नास बोटींनी आणली असेल आणि यंदा दोनशे बोटींनी, तर समुद्रातला साठा घटलेला आहे. म्हणून दर मेहनतीमागे किती मासा लागला हे मोजतात. ट्रॉलसाठी दर तासाला किती किलो, गळांसाठी दर शंभर गळांमागे किती मासे. व्यापारी बोट जिथे मासा आहे तिथेच जाणार, त्यामुळे तिच्या आकड्यांना एक कल असतो. सर्वेक्षणाची बोट मासा असो वा नसो, ठरवून दिलेल्या चौकोनात जाते, ठरलेल्या मापाचे जाळे ठरलेला वेळ ओढते, आणि रिकामे आलेले जाळेही तितक्याच काळजीने नोंदवते. खलाशांना यात दाम मिळतो, पण भरलेले जाळे ओढण्याचा आनंद फारसा मिळत नाही. रिकाम्या जाळ्याची प्रामाणिक नोंद हा या संस्थेचा खरा कस आहे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट एकट्याने मोजून भागत नाही ही. युरोपात हे लवकर उमगले. उत्तर समुद्रात अनेक देशांच्या बोटी एकाच माशामागे होत्या आणि मासे कमी होताहेत की नाहीत यावर वाद पेटला होता. तो मिटवायला १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र-अन्वेषणाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात तिथली मासेमारी जवळजवळ थांबली आणि युद्धानंतर जाळ्यांत मोठे मासे भरभरून आले. मासेमारीचा साठ्यावर परिणाम होतो याचा याहून ढळढळीत पुरावा कुणाला हवा होता? हिंदी महासागरात मात्र असे एकत्र मोजणे फार उशिरा आले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, निघाली. १९४८ मध्ये तिच्या पुढाकाराने इंडो-पॅसिफिक फिशरीज कौन्सिल उभी राहिली. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नॉर्वेच्या मदतीचा प्रकल्प सुरू झाला. ट्रॉलर आणि कोळंबीच्या निर्यातीचा पुढचा सारा इतिहास तिथून फुटतो. त्यात भले आणि बुरे दोन्ही आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

एफएओने जगाचे समुद्र क्रमांक देऊन वाटले आहेत. पश्चिम हिंदी महासागर क्षेत्र ५१, पूर्वेकडचा क्षेत्र ५७. भारताचा पश्चिम किनारा ५१ मध्ये पडतो, पूर्व किनारा ५७ मध्ये. रत्नागिरीला उतरलेली सुरमई एका रकान्यात जाते, कृष्णेच्या मुखाशी आंध्रात पकडलेली दुसऱ्या. जगातल्या देशांची १९५० पासूनची मासळीची आकडेवारी एफएओकडे या रकान्यांत मांडलेली आहे. हे रकाने नीट भरले जावेत म्हणून किनाऱ्यावर माणसे लागतात. आपल्याकडे उतरलेल्या मासळीचा अंदाज बांधण्याचे काम प्रामुख्याने १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था करते. तिची माणसे ठरावीक दिवशी ठरावीक बंदरांत जाऊन नमुन्याने मोजतात. बंदरातली बाजू तिची, समुद्रातली बाजू फिशरी सर्व्हेची. दोन्ही जुळल्या तरच चित्र पुरे होते.

संस्थेच्या इतिहासातले खरे वळण १९७७चे. १५ जानेवारी १९७७ पासून भारताचे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र अमलात आले. सुमारे २० लाख चौरस किलोमीटर समुद्र आपल्या ताब्यात आला, आणि ताबा आला म्हणजे हिशेब आला. तोवर या संस्थेचे नाव बदलून ‘एक्सप्लोरेटरी फिशरीज प्रोजेक्ट’ झाले होते, १९७४ मध्ये. त्याच १९७७ साली पोलंडहून भाड्याने आणलेल्या ‘मुरेना’ ट्रॉलरने वायव्य किनाऱ्यापुढच्या पाण्याची पाहणी केली. १९८१ मध्ये परदेशी बोटींच्या मासेमारीवर नियंत्रणाचा कायदा झाला. १९८३ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळून ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’ हे नाव आले. मुख्यालय मुंबईतच राहिले. मुंबई, मुरगाव, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे तिचे तळ उभे राहिले. ‘मत्स्य शिकारी’, ‘मत्स्य दर्शिनी’, ‘मत्स्य वर्षिणी’ या बोटी वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून निघू लागल्या.

त्याच सुमाराला कुप्याचे, म्हणजे ट्यूनाचे, सर्वेक्षण हाती घेतले गेले. लांबच लांब दोरी समुद्रात सोडायची, तिला ठरावीक अंतरावर गळ, प्रत्येक गळाला आमिष. काही तासांनी दोरी ओढून कुठल्या खोलीच्या गळाला काय लागले ते लिहायचे. पिवळ्या पराचा कुपा, मोठ्या डोळ्यांचा कुपा, तलवार मासा, मुशी. या कामाने संस्था आपल्या हद्दीबाहेरच्या प्रश्नाला भिडली. पापलेट किंवा बोंबील किनाऱ्याजवळच्या पाण्याचा. कुपा मात्र सीमा ओलांडून हजारो किलोमीटर जातो. लक्षद्वीपला दिसणारा कळप मालदीवच्या पाण्यात असू शकतो, तिथून सेशेल्सकडे, ओमानकडे. एका देशाने आपल्या हद्दीत कितीही काटेकोर मोजले तरी कुप्याचा साठा कळणार नाही. सगळ्यांनी मोजले, एकाच मापाने मोजले आणि आकडे एकमेकांना दिले तरच कळेल. १९८२चा समुद्रविषयक संयुक्त राष्ट्र करार अशा दूरवर फिरणाऱ्या माशांबाबत सहकार्य करण्याचे बंधन देशांवर घालतो. भारताने तो १९९५ मध्ये मान्य केला.

१९८२ मध्ये कोलंबोत एफएओचा ट्यूना कार्यक्रम सुरू झाला आणि हिंदी महासागरातल्या कुप्याचे आकडे एका ठिकाणी येऊ लागले. त्याची पुढची पायरी म्हणजे इंडियन ओशन ट्यूना कमिशन, आयओटीसी. तिचा करार २७ मार्च १९९६ रोजी अमलात आला. भारत त्याच्या आदल्या वर्षीच सदस्य झाला होता. कचेरी सेशेल्समध्ये व्हिक्टोरियाला. कुपा, सुरमईच्या जातीचे मासे आणि तलवार मासे धरून १६ जाती तिच्या कक्षेत येतात. भारताचा वैज्ञानिक अहवाल आणि आकडेवारी तयार करण्याची जबाबदारी फिशरी सर्व्हेकडे आली.

हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून ते सविस्तर सांगावेसे वाटते. दरवर्षी प्रत्येक देशाने किती बोटी, कोणत्या जातीचे किती टन, कोणत्या साधनाने पकडले ते कळवायचे. नुसता एकूण आकडा पुरत नाही. महासागर अक्षांश-रेखांशांच्या चौकोनांत वाटलेला असतो. गळांच्या मासेमारीसाठी पाच-पाच अंशांचे चौकोन, वरच्या पाण्यातल्या मासेमारीसाठी एकेक अंशाचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या चौकोनात, किती मेहनतीला किती मासे, हे द्यायचे. शिवाय पकडलेल्या माशांच्या लांबीच्या नोंदी द्यायच्या, कारण लांबीवरून वय कळते, आणि मोठे मासे उरले नसतील तर पुढची वीण धोक्यात असते. आधीच्या वर्षाचे आकडे जूनअखेर पोचले पाहिजेत. एखाद्या बोटीची ओळख पटेल अशी माहिती गुप्त ठेवण्याचेही नियम आहेत, कारण कुठल्याही तांडेलाला आपली मासळीची जागा जगाला सांगायची नसते. आकडा खरा हवा असेल तर देणाऱ्याचा विश्वास सांभाळावा लागतो, हे या कमिशनने चांगले ओळखले आहे.

२००५ नंतरच्या काही वर्षांत पश्चिम हिंदी महासागरात कुप्यांच्या पाठीवर खुणेच्या चिठ्ठ्या टोचून त्यांना परत सोडण्याचा मोठा प्रकल्प झाला. दीड लाखाहून अधिक मासे असे सोडले गेले. चिठ्ठी असलेला मासा कुणाच्या गळाला, जाळ्याला लागला तर त्याने जागा, तारीख आणि लांबी कळवायची. मासा किती फिरतो, किती झपाट्याने वाढतो, किती मरतो, हे ठरवायला त्या परत आलेल्या चिठ्ठ्यांचा अजून उपयोग होतो. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मच्छिमारांनी त्या परत पाठवल्या, ही गोष्ट मला कुठल्याही करारापेक्षा मोठी वाटते.

या सामाईक मोजणीचे परिणाम मच्छिमारांच्या पोटापर्यंत पोचतात. २०१५च्या मूल्यमापनात पिवळ्या पराच्या कुप्याचा साठा मर्यादेपलीकडे मारला गेल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१६ मध्ये पकड घटवण्याची पहिली योजना ठरली. कुणी किती घटवायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही. युरोपच्या मोठ्या बोटी घेरणीच्या प्रचंड जाळ्यांनी एका फेऱ्यात जेवढे ओढतात, तेवढ्यासाठी लक्षद्वीपच्या किंवा तमिळनाडूच्या छोट्या बोटींना दिवसेंदिवस खपावे लागते. २०२१च्या ठरावाला भारतासह काही किनारी देशांनी हरकत नोंदवली. त्या हरकतीमागची न्यायाची बाजू मला पटते. पण ती मांडायची तर आपल्या छोट्या बोटींचे आकडे आपल्याकडे चोख असले पाहिजेत. शेकडो बंदरांत विखुरलेल्या लहान बोटींची मासळी जातवार आणि लांबीनिशी नोंदवणे अवघड आहे. ती नोंद जिथे कच्ची राहते, तिथे वाटाघाटीत बाजूही कच्ची राहते.

२०१९ च्या जूनमध्ये आयओटीसीचे वार्षिक अधिवेशन हैदराबादला झाले. २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिच्या आकडेवारीविषयक कार्यगटाची आणि पाठोपाठ वैज्ञानिक समितीची बैठक मुंबईत भरली. ज्या शहरात १९४६ मध्ये समुद्र मोजायला सुरुवात झाली, तिथेच हिंदी महासागराभोवतीच्या देशांचे शास्त्रज्ञ एकमेकांचे आकडे तपासायला बसले. संस्थेच्या इतिहासात हा प्रसंग ठळक अक्षरांत यावा, असे माझे मत आहे.

देशातल्या देशात या नोंदींचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे आपल्या हद्दीतून दरवर्षी किती मासळी साठा न मोडता काढता येईल, याचा अंदाज. हे काम वेळोवेळी नेमलेल्या तज्ज्ञ समित्या करतात आणि फिशरी सर्व्हेचे आकडे त्यात कळीचे असतात. १९९१ मध्ये हा अंदाज ३९ लाख टन होता, २०११ मध्ये ४४ लाख टन, २०१८ मध्ये ५३.१ लाख टन. आकडा वाढला म्हणजे समुद्रात मासे वाढले, असा अर्थ काढायचा नाही. अभ्यासाची क्षेत्रे वाढली, खोल पाण्यातले आणि पूर्वी न धरलेले साठे हिशेबात आले. किनाऱ्याजवळच्या पाण्यावरचा ताण कमी झालेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, ती या ताणामुळेच. १ जून ते ३१ जुलै अशी पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी आपण सर्व जण जाणतोच.

आता आपल्या नदीकडे. उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. कोकण किनारा इथून सह्याद्रीच्या पलीकडे, जवळच. पण हे पाणी तिकडे जात नाही. सांगली, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा लांबचा प्रवास करून ते बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातून नोंदलेला अहीर मासा पिले असताना समुद्रातून नदीत येतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि विणीसाठी परत खोल महासागरात जातो. त्याची वीण आजवर कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. प्रकाशम बंधाऱ्यापासून नागार्जुनसागर, श्रीशैलम, आलमट्टीपर्यंतचे बांध त्याच्या वाटेत उभे आहेत. त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडणार?

कृष्णेचे पाणी मोजले जाते. कराडला, कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापासून तीन राज्ये पाण्याच्या थेंबाथेंबासाठी भांडली, आणि त्या भांडणातूनच पाण्याचे आकडे एकमेकांना देण्याची सवय लागली. माशांचे तसे झाले नाही. कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने लिहिली. २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचे आंतरराष्ट्रीय मूल्यमापन प्रसिद्ध झाले आणि त्यात इथल्या कितीतरी जाती धोक्यात असल्याचे दिसले. पण उंब्रजच्या डोहात दर महिन्याला किती तास जाळे टाकले आणि काय लागले, अशी सलग वही नाही. कृष्णाकाठच्या भोई समाजातल्या जाणत्यांना विचारा. मरळ, शिंगाडा, वांब कमी होत गेले आणि चिलापी वाढत गेली, हे ते सांगतात. त्यांच्या सांगण्याला आकड्यांची जोड मिळाली तर ते लवादापुढेही मांडता येईल.

‘मीना’ ट्रॉलरवर जे लिहिले जाई, तेवढेच इथे लिहायचे आहे. तारीख, जागा, जाळ्याच्या आसाचे माप, पाण्यात किती वेळ, प्रत्येक जातीचे वजन आणि लांबी. रिकामे आले तर रिकामे. कराड आणि सांगलीच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, नदीवर भोई आहेत, आणि खालच्या राज्यांतही अशीच महाविद्यालये आणि असेच मच्छिमार आहेत. चारही राज्यांनी एकच नमुना वापरायचा ठरवला तर कृष्णेच्या माशांची पहिली सामाईक नोंद महाबळेश्वरच्या उगमापासून हंसलदीवीच्या मुखापर्यंत करता येईल. त्यासाठी नमुना नव्याने बनवायची गरज नाही. मुंबईत ससून डॉकला तो गेली ऐंशी वर्षे वापरात आहे.